गुरुवारचं डोकं

आमच्या पट्ट्यात कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. सगळ्यांनी एकाच दिवशी वीज ओढू नये म्हणून गावोगावच्या कारखान्यांना वार वाटून दिले होते, त्यात आमच्या वाट्याला गुरुवार आला, असं जुनी माणसं सांगतात. त्यामुळे पाहुणे रविवारी येतात तेव्हा आम्ही कामावर असतो, आणि आम्ही घरी असतो तेव्हा सगळं जग कामावर असतं. मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग तयार करणाऱ्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात आहे. मापं घेणं, नापास माल बाजूला काढणं आणि तो नापास का झाला ते शोधणं, हे माझं काम. राहायला मोशीत. मुलगी शिकायला बाहेरगावी, घरात आम्ही दोघंच.

माझं डोकं दुखायचं ते गुरुवारी. दर गुरुवारी दुखायचं असं नाही. पण जेव्हा दुखायचं तेव्हा बहुतेक वेळा वार गुरुवार असायचा. शेजारणीने मिक्सर लावला तरी कुणीतरी कानशिलात ठोकतंय असं वाटायचं. फोडणीचा वास नकोसा व्हायचा. उजव्या डोळ्यामागे एक खिळा, आणि तो हृदयाच्या ठोक्याबरोबर आत जातोय. मग उलटी, मग खोलीतले पडदे ओढून पडून राहणं. संध्याकाळपर्यंत सुट्टी संपलेली. शुक्रवारी कामावर गेलो की अंग धुऊन पिळून वाळत टाकल्यासारखं असायचं, पण डोकं शांत.

आमच्या विभागातला एकजण म्हणायचा, "राव, तुला सुट्टीची ॲलर्जी आहे. मालकाला सांग, गुरुवारी पण बोलवा म्हणावं. ओव्हरटाइम पण मिळंल आणि डोकं पण राहील."

हसण्यावारी नेलं, पण विचार करून मलाही तेच दिसत होतं. कामाच्या सहा दिवसांत भट्टीजवळची उष्णता, प्रेसचा आवाज, तेलाचा वास, साहेबांचा आरडाओरडा. त्या सगळ्यात डोकं टिकतं. आणि घरी पंख्याखाली बसलं की फुटतं. हा कुठला न्याय?

त्याचं उत्तर सगळ्यात आधी आमच्या वहिनींनी दिलं. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. आम्ही मूळचे बीडकडचे. भाऊ आधी भोसरीत आला, वर्कशॉपमध्ये लागला, आणि मग मला घेऊन आला. एका खोलीत राहायचो. तो रात्रपाळीला आणि मी दिवसपाळीला, त्यामुळे गादी एकच असली तरी चालायचं. तो उठला की मी आडवा. त्याला दिवसा झोप लागावी म्हणून खिडकीला घोंगडी टांगलेली असायची. लग्न होऊन वहिनी आल्या तेव्हा त्यांनी मला घरातलाच धरलं. स्वतःच्या आधी माझा डबा भरला. भाऊ अचानक गेला, त्याला आता काही वर्षं झाली. वहिनी आणि माझी पुतणी चऱ्होलीत राहतात.

तर वहिनी म्हणाल्या होत्या, "भावजी, गुरुवारीच दुखतंय म्हणजे काहीतरी हाय बगा. दत्ताचा वार हाय तो. तुमचं काहीतरी करायचं राहिलंय. गुरुवार धरा."

मी धरला. भाऊ तेव्हा होता, त्यानेही मान डोलावली. सकाळी पूजा होईपर्यंत चहा नाही, दिवसभर फराळ नाही, संध्याकाळी आरती करून उपास सोडायचा. देवाची सेवा म्हणून मला त्यात काही जड वाटलं नाही. पण डोकं जास्त दुखायला लागलं. तसं मी सांगितलं तेव्हा वहिनी काळजीत पडल्या आणि म्हणाल्या, "पाण्याशिवाय काई घेऊ नका मग." म्हणजे दुखणं वाढलं की उपास कडक, आणि उपास कडक झाला की दुखणं वाढायचं. कारखान्यात एखादा स्क्रू फिरवल्यावर माल जास्त बिघडला, तर आम्ही तो उलटा फिरवून पाहतो. घरी मात्र आम्ही सगळे मिळून तोच स्क्रू त्याच बाजूला आवळत होतो. मायेने सांगितलेल्या गोष्टीवर कुणी माप लावत नाही.

डॉक्टरकडे जायची वेळ आली ती रस्त्यावर घाबरलो म्हणून. नाशिक रस्त्याने गाडीवरून कामावर निघालो होतो. पुढे एक कंटेनर होता. त्याच्या मागच्या दाराशी एक चमकती रेघ दिसायला लागली, करवतीच्या पात्यासारखी, दातेरी आणि थरथरणारी. मला वाटलं हेल्मेटच्या काचेवर ऊन पडलंय. डोळा मिटला तरी रेघ तिथेच. ती वाकत मोठी होत गेली आणि मग त्या कंटेनरचा डावा अर्धा भाग नाहीसा झाला. काळोख नाही, धूर नाही, नुसता नाही. मी गाडी कडेला घेतली आणि चहाच्या टपरीवरच्या बाकावर बसलो. टपरीवाल्याचाही अर्धाच चेहरा दिसत होता. थोड्या वेळाने सगळं परत जागेवर आलं आणि मग खिळा ठोकायला सुरुवात झाली.

चिंचवडच्या डॉक्टरबाई सरळ बोलणाऱ्या होत्या. तपासण्या केल्या, गाठबिठ काही नाही हे आधी सांगून टाकलं. मग म्हणाल्या, "ही अर्धशिशी. मायग्रेन. घरात आणखी कुणाला?"

मी नाही म्हणणार होतो. तेवढ्यात गावाकडचे वडील आठवले. बाजाराच्या दिवशी उन्हातून आले की ते ओला टॉवेल डोक्याला आवळून धान्याच्या खोलीत जाऊन पडायचे. आई आम्हाला अंगणाच्या पार टोकाला पिटाळायची. "अण्णा चिडलेत, आवाज करू नका." गावात ते तापट म्हणून प्रसिद्ध होते. त्यांच्या त्या रागाला आम्ही इतके भ्यायचो की थोरला भाऊ बाजाराच्या दिवशी घरी यायचंच टाळायचा. अण्णा चिडलेले नसायचेच. दवाखान्यातल्या त्या खुर्चीवर ते मला कळलं, आणि मी "वडिलांना" एवढंच म्हणू शकलो.

"तुमचं डोकं बिघडलेलं नाही," बाई म्हणाल्या, "जन्मतःच जरा हळवं आहे. त्याला फरक सोसत नाही. झोप, जेवण, चहा, ताण, काहीही रोजच्यापेक्षा वेगळं झालं की ते तक्रार करतं. बरं, गुरुवारी काय वेगळं असतं?"

मी बोलायच्या आत शेजारी बसलेली बायको बोलली. "उशिरापर्यंत झोपतात. रोज उठल्या उठल्या चहा लागतो, गुरुवारी नाही. उपास. पूजेला उदबत्ती आणि धूप. मग रिकाम्या पोटी उन्हात बाजार. आणि आठवडाभर जे दाताखाली धरलेलं असतं ना साहेबांचं, ते त्या दिवशी एकदम सोडतात."

डॉक्टरबाई हसल्या. "यांनीच सांगितलं सगळं. ताण असताना नाही, ताण सुटल्यावर दुखणं, हे पुष्कळांना होतं."

"पण यातलं नेमकं कारण कोणतं?" मी विचारलं. आमच्या कामात एका दोषामागे पुन्हा पुन्हा 'का' विचारत जायचं असतं, तळाशी एक कारण सापडेपर्यंत. ते सापडलं की बंदोबस्त करायचा आणि विषय संपवायचा.

"एक शोधू नका," त्या म्हणाल्या. "बेरीज असते."

हा एक शब्द मला माझ्या धंद्यामुळे चटकन कळला. प्रत्येक भागाला थोडी सूट दिलेली असते, ठरलेल्या मापापेक्षा केसभर जास्त-कमी चालतं. कधीकधी असं होतं की जोडणीतला प्रत्येक भाग तपासला तर पास असतो, पण सगळे नेमके जास्तीच्या बाजूचे आलेले असतात. एकेकटा निर्दोष. एकत्र बसवले की झाकण लागत नाही. अशा वेळी नवखा मुलगा शेवटी बसवलेल्या भागाला दोष देतो, कारण अडलं ते तिथे. मीही तेच करत आलो होतो. कधी उन्हाला, कधी शेजारणीच्या मिक्सरला, कधी गूळ-शेंगदाण्यांना.

गूळ-शेंगदाण्यांची गोष्ट बायकोने त्याच दिवशी काढली. दुखण्याच्या आदल्या संध्याकाळी मी नेहमी गूळ-शेंगदाणे खाल्लेले असायचे, म्हणून मी ते सोडून दिले होते. तरी दुखतच होतं. ती डॉक्टरबाईंना म्हणाली, "मला वाटतं खाल्ल्यामुळे दुखत नाही. दुखणार असतं म्हणून खावंसं वाटतं. त्या संध्याकाळी हे जांभया देतात, मान चोळतात, आणि स्वयंपाकघरातले डबे उतरवून पुसायला लागतात. डबे पुसायला लागले की मी मनात म्हणते, उद्याची भाजी बिनफोडणीची करावी."

"असे डबे मी किती वेळा पुसले असतील!" मी म्हणालो.

"तेवढ्याच वेळा उद्याचं मला आदल्या दिवशी कळलं," ती म्हणाली.

डॉक्टरबाईंनी तिचं म्हणणं बरोबर ठरवलं. झटका दुखण्याच्या आधीच सुरू झालेला असतो. गोड खावंसं वाटणं, जांभया, उगीच उरक येणं, ही त्याची पहिली पावलं. मी वर्षानुवर्षं येणाऱ्या पाहुण्याच्या चपलांना पाहुणा समजत होतो. त्यांनी दुखणं सुरू होताच घ्यायची गोळी दिली, वेळेवर उठायला, वेळेवर खायला सांगितलं. "सुट्टीच्या दिवशीही कामावर जायचं असल्यासारखं उठा," म्हणाल्या. "आणि उपास नको."

उपास मी सोडला. पूजा ठेवली. झटके कमी झाले, थांबले मात्र नाहीत. वहिनींना मी काहीच सांगितलं नाही.

इतक्या वर्षांत या दुखण्याने माझा स्वभाव घडवून टाकला होता. मी कुणालाही कशालाही 'येतो' म्हणायचो नाही. 'बघू' म्हणायचो. बारशाला बघू, जेवायला बघू, सहलीला बघू. 'येतो' म्हणून न जाण्यापेक्षा ते बरं वाटायचं. गेलो तरी दाराजवळची, दिव्यापासून लांबची खुर्ची धरायची. जेवणाची वेळ झाली की यजमानाआधी पानावर बसायचं. आणि लोक गप्पांत रंगले की उठून यायचं. सोसायटीत मला लोक शिष्ट समजतात. नातेवाईकांत म्हणतात, गुणवत्ता विभागात राहून माणूस नातीही तपासून घेतो. पुतणीच्या साखरपुड्यालाही मी नव्हतो. पडदे ओढून पडलो होतो, आणि बायकोने 'कंपनीत काम निघालं' असं सांगितलं होतं. डोकं दुखतंय हे कारण कुणाला कारण वाटत नाही. डोकं सगळ्यांचंच दुखतं.

साखरपुड्यानंतर काही दिवसांनी वहिनी घरी आल्या. बायको पोळ्या करत होती. वहिनींनी ओट्याशेजारी खुर्ची ओढली.

"वाकडची माणसं चांगली हायत," त्या म्हणाल्या. "पोरगा कॉम्प्युटरवर काम करतो. साखरपुड्याला तुमाला कंपनीनं सोडलं न्हाई म्हणे. लग्न मी गुरुवारचंच धरलंय. आपल्या सगळ्यांना सुट्टी. आता कंपनीचं नाव सांगता यायचं न्हाई."

मी हसलो.

"आणि कन्यादानाला तुमी दोघं बसायचं."

भाऊ नाही, म्हणजे ते आमच्याकडेच येणार हे मला कळायला हवं होतं. वहिनींनीच बसावं असं मी आधी एकदा सुचवलं होतं. त्यांनी "माझ्या पोरीच्या मांडवात मला चर्चा नको" म्हणून तो विषय संपवला होता. कन्यादान करणाऱ्याने ते होईपर्यंत उपाशी राहायचं, होमाच्या धुरात बसायचं, आणि त्याची जागा मधून उठता येत नाही अशी. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर आलं आणि तोंडातून सवयीने निघालं, "बघू."

पोळपाटावरचा बायकोचा हात थांबला.

"बघू?" वहिनी म्हणाल्या. "भावजी, तुमचं बघू म्हणजे तलाठ्याचा दाखला. आज या, उद्या या. शेजाऱ्याला म्हणा बघू. तुमच्या भावाची पोर हाय ती. नसंल बसायचं तर न्हाई म्हणा, मी तिच्या मामाला सांगते." त्यांचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्त लागला.

बायको माझ्याकडे बघून म्हणाली, "सांगा की आता."

"वहिनी, साखरपुड्याच्या दिवशी कंपनीत काम नव्हतं. मी घरीच पडलो होतो. डोकं."

"गुरुवार धरताय न्हवं?"

"सोडला."

"कवा?"

"बरेच दिवस झाले. डॉक्टरांनी सांगितलं, उपाशी राहिलं की जास्त दुखतं."

"आणि मला सांगितलं न्हाई."

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"मग आता काय बरं वाटायलंय का?"

मी फडताळातला माझा जुना चार खणांचा डबा काढला, त्यांच्यासमोर ठेवला. कडेची कडी लावायला सांगितली, ती लागली. मग प्रत्येक खणाच्या काठावर एकेक कागदाची घडी ठेवून खण एकमेकांवर चढवले. "आता लावा."

कडी लागेना.

"यातली कुठलीही एक घडी काढली तरी लागेल," मी म्हणालो. "एखाद्या घडीनं काही होत नाही. ऊन ही एक घडी. उशिरा झोपणं एक. आवाज एक. उपास एक. सगळ्या एकाच दिवशी आल्या की माझं झाकण लागत नाही. म्हणून मी बघू म्हणतो. त्या दिवशी किती घड्या येतील ते मला आदल्या दिवशी कळत नाही."

वहिनींनी एक घडी बोटाने बाहेर ओढली. "ही उपासाची. म्हंजे मी ठेवली."

"तुम्ही मायेनं ठेवलीत."

"मायेनं ठेवली तरी जाडी तेवढीच की," त्या म्हणाल्या. बायकोने गरम पोळीवर तूप घालून ताट त्यांच्यासमोर ठेवलं. पहिला घास मोडताना त्या म्हणाल्या, "बसायचं तुमीच. घड्या मी काढते."

आणि त्या खरोखर कामाला लागल्या. गुरुजींना विचारलं, उपाशीच राहायला पाहिजे का? गुरुजी म्हणाले, दूध-फळं चालतात, आणि औषधाला शास्त्राची काही हरकत नाही. "मग दूध, केळी आणि चहा औषध म्हणून," वहिनी म्हणाल्या. गुरुजी हसून हो म्हणाले. मंडपात माझ्या डोळ्यांवर ऊन येणार नाही अशा बाजूला पाट मांडून घेतले. डीजेवाल्याला विधी होईपर्यंत आवाज बंद ठेवायला सांगितलं. तो म्हणाला, "मावशी, पॅकेजमध्ये धूर सोडायचं मशीन पण आहे." वहिनी म्हणाल्या, "पॅकेजमधलं घरी ने आणि आईला दाखव."

मी त्यांना 'येतो' म्हणालो होतो. पुष्कळ वर्षांनी कुणाला तरी. आणि तो शब्द दिल्यापासून मला त्याचीच धास्ती वाटत होती. मी उठून गेलो, आडवा पडलो, तर भावाच्या जागेवर कुणी नाही, असं ते चित्र होतं.

लग्नाच्या सकाळी मी रोजच्या वेळेला उठलो. चहा घेतला, केळी खाल्ली. लॉन्सवर लवकर पोचलो. सगळी मापं बसत होती. मांडवात खुर्च्या लावलेल्या होत्या, त्यातल्या काही ओळीबाहेर होत्या, त्या मी सरळ करू लागलो.

बायको शालूचा पदर सावरत आली. "अहो, काय करताय?"

"खुर्च्या वाकड्या लावल्यात."

"मांडववाला आहे ना त्याला." मग तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "जांभई दिलीत ना आत्ता?"

"हळदीच्या गडबडीत झोप थोडी कमी झाली."

तिने कमरेच्या रुमालात बांधलेली गोळी चाचपून पाहिली. खुर्च्या सरळ करण्यात मला डब्यांसारखं काही दिसलं नव्हतं. तिला दिसलं होतं.

मुहूर्ताची वेळ झाली. पुतणी मामाच्या हाताला धरून आली तेव्हा मला ती अगदी भावासारखी वाटली, कपाळ तेच. अक्षता पडल्या, आणि आम्ही दोघं पाटावर बसलो. गुरुजींनी संकल्प सांगायला सुरुवात केली, आणि समोरच्या कलशावर ती रेघ उमटली. दातेरी, थरथरणारी. मी पापण्या मिटून उघडल्या. ती तिथेच.

बायकोने माझ्या पापण्या पाहिल्या. खालच्या आवाजात म्हणाली, "उठायचं का?"

"नाही."

दुखणं रेघेच्या मागून येतं. रेघ पसरायला आणि ओसरायला जेवढा वेळ लागतो, तेवढा माझ्या हातात होता. तेवढ्यात कन्यादान उरकेल, असा माझा हिशोब होता. हिशोबात चूक नव्हती. एक गोष्ट मी धरली नव्हती. कन्यादानाला खाली काशाचं ताट ठेवतात, त्यावर जावयाची ओंजळ, तिच्यावर मुलीची, सगळ्यात वर बापाची; आणि आईने तांब्याने धार धरायची, ती तिन्ही ओंजळींतून खाली जायची. गुरुजी म्हणाले, "हात पुढे करा." मी पाहिलं तर समोर जावई होता, आणि त्याच्या शेजारी, पुतणी असायला हवी तिथे, काहीच नव्हतं. तिच्या बांगड्यांचा आवाज येत होता. हात दिसत नव्हते. मी ओंजळ पुढे केली आणि ती ज्या ठिकाणी धरली तिथे खाली कुणाची ओंजळ नाही, हे मला गुरुजींच्या थांबण्यावरून कळलं.

"अजून थोडे उजवीकडे," गुरुजी म्हणाले. मी सरकवली. "जरा पुढे."

बायकोच्या हातात तांब्या, तिला सोडता येईना. मांडवात कुजबुज झाली. तेवढ्यात मागून साडीची सळसळ झाली आणि दोन खरखरीत हात माझ्या मनगटांखाली आले. वहिनी. त्या खांबापाशी लांब उभ्या होत्या, तिथून कधी आल्या ते मला कळलं नाही. त्यांनी माझी ओंजळ उचलून नेमकी पोरीच्या ओंजळीवर नेऊन ठेवली, आणि हात काढून घेतले नाहीत. माझ्या मागे गुडघ्यांवर बसून तसेच धरून ठेवले.

गुरुजींनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं असावं. मग म्हणाले, "धार धरा," आणि मंत्र पुढे सुरू झाले.

पाणी गार होतं. माझ्या बोटांतून आणि वहिनींच्या बोटांवरून ते खाली जात होतं. पुतणीचे हात मला दिसत नव्हते, पण तिच्या ओंजळीची ऊब माझ्या हातांना लागत होती. माझ्या कानाशी वहिनींचा श्वास होता. त्या पुटपुटल्या, "झालं, भावजी, झालं. हायत हात जागेवर."

पाटावरून उठलो तेव्हा रेघ विरत आली होती आणि डोळ्यामागे पहिला ठोका पडला होता. बायकोने तिथेच गोळी दिली. होमाला माझ्या जागी पुतणीचा मामा बसला. मला त्यांनी लॉन्सच्या मागच्या बाजूला, वधूपक्षाच्या खोलीत नेलं. वहिनींनी खिडकीला दोन शाली टांगल्या, दिवा घालवला, उशाशी पाण्याचं भांडं ठेवलं आणि दार लोटून घेतलं. बाहेर जेवणावळी झाल्या असतील. मला फक्त लांबून वाढप्यांचे आवाज येत होते. गोळी लागू पडली तरी दुखणं गेलं नव्हतं. पण मी रागावलेला नव्हतो, लपलेलोही नव्हतो. मी कुठे आहे आणि का आहे, हे बाहेरच्या सगळ्यांना ठाऊक होतं. अण्णांच्या वाट्याला हे कधी आलं नाही.

पाठवणीच्या वेळी दार थोडंसं उघडलं. पुतणी आत आली. तिने गजरे दाराबाहेर काढून ठेवले होते, वास माझ्यापर्यंत येऊ नये म्हणून. पायातली जोडवी फरशीवर वाजू नयेत म्हणून हळूहळू पावलं टाकत होती. एका हाताने दुसऱ्या हातातला चुडा घट्ट धरलेला. गादीशेजारी खाली बसली.

"काका," ती कानाशी म्हणाली, "मला रडू येतंय. आवाज होईल का?"

"रड," मी म्हणालो. "हळू रड."

तिला आधी हसू आलं. मग तिने माझ्या हातावर कपाळ टेकलं आणि ती आवाज न करता रडली, मीही.

खोलीच्या मागेच सजवलेली गाडी इंजिन चालू ठेवून उभी होती, तिची घरघर भिंतीतून येत होती. दाराशी वहिनी उभ्या होत्या. त्यांनी एकदा आत पाहिलं, मग बाहेर जाऊन ड्रायव्हरला म्हणाल्या, "बंद कर रे ती. अजून वेळ हाय."

गाडी बंद झाली.